क्विबेकची रोड ट्रिप: आधी काय बुक करायचं, गाडी कधी घ्यायची आणि कुठे फसायला होतं

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातलं मॉन्ट्रियल, क्विबेक सिटी, गास्पेझीचा किनारा, शिक-शॉकचे डोंगर, तादुसाकचे देवमासे. नकाशावर हा एक सरळसोट फेरा दिसतो आणि तिथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. विमानाचं तिकीट आणि शहरातलं हॉटेल आधी घेतलं जातं, गाडी विमानतळावरच उचलली जाते, आणि राष्ट्रीय उद्यानं व फेरीबोट 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून मागे राहतात. हा क्रम बरोबर उलटा हवा. खालची आखणी जून ते ऑक्टोबरसाठी आणि १६ दिवसांची आहे. दिवस कमी असतील तर काय गाळायचं, ते दुसऱ्या टप्प्यात आहे.

## टप्पा १: तारखा आणि कागदपत्रं

तारखा. योग्य हंगाम २४ जूननंतर सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. पानांचे लाल-केशरी रंग हवे असतील तर सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरा. मात्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगनंतर गास्पेझीतली बरीच हॉटेलं, खानावळी आणि बोटी बंद होतात.

जुलैचे शेवटचे दोन पूर्ण आठवडे टाळा. क्विबेकमध्ये बांधकाम व्यवसायाला तेव्हा एकत्र सुट्टी असते आणि निम्मा प्रांत समुद्रावर लोटतो. त्या काळात गास्पेझीच्या टोकाकडच्या पेर्से गावात आयत्या वेळी खोली मागणं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला रात्री आठ वाजता लॉज शोधणं. १ जुलै हा तर मॉन्ट्रियलचा घरं बदलण्याचा दिवस. गल्लोगल्ली सामानाचे ट्रक उभे असतात, त्या दिवशी शहरात गाडी नकोच.

व्हिसा. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. अमेरिकेतून गाडीने येणाऱ्यांपैकी ग्रीन कार्ड असलेल्यांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. एच-१बी वर असलेल्यांना मात्र कॅनडाचा व्हिसा हवाच. न्यू जर्सी, बॉस्टनकडचे अनेक जण इथेच गफलत करतात. परतताना अमेरिकेत शिरण्याचे कागद चालू आहेत ना, हेही निघण्याआधीच बघून घ्या.

लायसन. मूळ लायसन इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असेल तर पाहुण्याला क्विबेकमध्ये सहा महिन्यांपर्यंत त्यावर गाडी चालवता येते. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढाच, कारण गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर तो मागितला जातो. 'परिवहन'च्या साइटवर अर्ज ४-अ भरायचा, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती जोडायच्या, १,००० रुपये भरायचे. हा परवाना एक वर्ष चालतो. तो मूळ लायसनला जोड म्हणून असतो, त्याच्या जागी चालत नाही. मूळ कार्ड घरी राहिलं तर परवान्याचा उपयोग शून्य.

कार्ड. डिपॉझिटसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचं लायसन, असं जमत नाही. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारतात. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार बंद ठेवलेले असतात, ते निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून चालू करा. ओटीपी येणारं सिमकार्ड रोमिंगवर जिवंत ठेवा.

> तपासा: पासपोर्ट, व्हिसा, मूळ लायसन, आंतरराष्ट्रीय परवाना आणि क्रेडिट कार्ड, या पाचही ठिकाणी चालकाचं नाव सारखं आहे का? एकावर वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही काउंटरवर घोळ होतो.

## टप्पा २: मार्ग आणि दिशा

गास्पेझी द्वीपकल्पाला वळसा घालणारा रस्ता म्हणजे १३२. सँत-फ्लावीपासून निघून पुन्हा सँत-फ्लावीला येईपर्यंत तो साधारण ९०० किलोमीटर भरतो. हा वळसा घड्याळाच्या उलट दिशेने घ्या: आधी मातापेदियाच्या खोऱ्यातून दक्षिण किनारा, मग पेर्से, मग फोरियाँ हे राष्ट्रीय उद्यान, आणि शेवटी उत्तर किनाऱ्याने पश्चिमेकडे. इथे गाडी उजव्या बाजूने चालते. या दिशेने गेलं की समुद्रही उजवीकडेच राहतो आणि थांबायच्या जागा आपल्याच बाजूला येतात. उलट गेलात तर प्रत्येक फोटोसाठी समोरची रहदारी कापावी लागते, तीही वळणांवर. एकच तोटा आहे, उत्तर किनाऱ्यावर संध्याकाळी ऊन डोळ्यांत येतं. त्या भागातला प्रवास चारच्या आत संपवा.

परतीला त्याच रस्त्याने यायचं नाही. मातानहून गाडीसकट फेरीने सेंट लॉरेन्स नदी ओलांडायची, बे-कोमोला उतरायचं आणि तादुसाक आणि पुढच्या शार्लव्वा परगण्यातून खाली यायचं.

- दिवस १-२: मॉन्ट्रियल, गाडीशिवाय
- दिवस ३-४: क्विबेक सिटी (२५० किमी)
- दिवस ५: बिक, रिमूस्की (३०० किमी)
- दिवस ६: मातापेदिया खोऱ्यातून कार्लटन (२५० किमी)
- दिवस ७-८: पेर्से (२०० किमी)
- दिवस ९-१०: फोरियाँ (८० किमीच्या आत)
- दिवस ११-१२: सँत-आन-दे-माँ आणि गास्पेझी उद्यान (२०० किमीच्या पुढे)
- दिवस १३: मातान (९० किमी), फेरी, बे-कोमोत मुक्काम
- दिवस १४: तादुसाक (२०० किमी)
- दिवस १५: शार्लव्वा (१०० किमीच्या आसपास)
- दिवस १६: मॉन्ट्रियल (३५० ते ४०० किमी)

आकडे ढोबळ आहेत आणि किलोमीटरवरून वेळ काढण्याची चूक करू नका. १३२ वर गाव आलं की ९० चा वेग ५० वर येतो आणि गावं तर ओळीने येतात. थांबे धरले नाहीत तरी सरासरी ताशी ६०-६५ पकडा. फोन 'तीन तास' म्हणाला की डोक्यात साडेचार लिहा.

दहाच दिवस असतील तर गास्पेझी संपूर्ण गाळा. क्विबेक सिटी, शार्लव्वा, तादुसाक, मग सँ-सिमेओंहून रिव्हिएर-दु-लूची तासाभराची फेरी, बिक आणि परत. दहा दिवसांत पेर्से 'उरकणाऱ्यांना' रस्त्याखेरीज काही दिसत नाही.

### नावांचा चकवा

या फेऱ्यातल्या सगळ्यात महागड्या चुका नावांमुळे होतात.

- सँ-सिमेओं दोन आहेत. फेरीचं शार्लव्वात आहे. दुसरं गास्पेझीच्या दक्षिण किनाऱ्यावर, शेकडो किलोमीटर दूर. नकाशात गावाचं नाव न टाकता 'फेरीचा धक्का' शोधा.
- गास्पेझी उद्यान गास्पे शहरात नाही. ते सँत-आन-दे-माँच्या दक्षिणेला डोंगरात आहे. दोन्हींत २०० किलोमीटरच्या आसपास अंतर. गास्पे शहराजवळ आहे ते फोरियाँ.
- बोनाव्हाँत्युर गाव आणि बोनाव्हाँत्युर बेट वेगळी. पक्ष्यांचं बेट पेर्सेसमोर आहे. गाव दीड-दोन तास अलीकडे लागतं.
- बे-कोमो आणि गोडबू. मातानची बोट आलटून पालटून या दोन्ही धक्क्यांवर जाते. गोडबू साधारण ५५ किलोमीटर पूर्वेला आहे. तिकीट काढताना चुकून ते निवडलं तर तितकं जास्त चालवत मागे यावं लागतं.

## टप्पा ३: बुकिंग, याच क्रमाने

पहिलं: उद्यानातला मुक्काम. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. क्विबेकमध्ये 'राष्ट्रीय उद्यान' अशी पाटी दोन वेगवेगळ्या यंत्रणा लावतात. फोरियाँ हे केंद्राचं, म्हणजे पार्क्स कॅनडाचं. बिक, गास्पेझी, बोनाव्हाँत्युर बेट, ओत-गोर्झ आणि साग्ने फ्योर्ड ही प्रांताची, म्हणजे सेपाकची. पार्क्स कॅनडाचा वार्षिक पास सेपाकच्या फाटकावर चालत नाही, आणि सेपाकचा फोरियाँत चालत नाही. 'नॅशनल पार्क पास आहे ना' म्हणून निर्धास्त गेलेली मंडळी बिकच्या फाटकावर परत पैसे भरताना दिसतात. दोन्हीकडे १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. मुलं बरोबर असतील तर आधी मोठ्यांचे दिवस मोजा, मगच वार्षिक पास परवडतो का ते ठरवा.

तंबू सोबत नसेल तर सेपाकच्या तयार तंबूंमध्ये पलंग, शेगडी आणि भांडी मिळतात. अंथरूण-पांघरूण मिळतं का, हे बुकिंगच्या पानावर वाचा. काही जागांना किमान दोन रात्रींची अट असते. म्हणून उद्यानाच्या तारखा आधी पक्क्या करायच्या आणि बाकीचा प्रवास त्यांच्या आजूबाजूला बसवायचा.

दुसरं: मातानची फेरी. जागा राखून ठेवा. गाडीची लांबी-उंची भरावी लागते, टपावर पेटी लावली असेल तर तिची उंचीही धरा. गाडीचं मॉडेल माहीत नसेल तर मोठी लांबी टाका. मोठ्या मापाच्या तिकिटावर छोटी गाडी चढते, उलट होत नाही.

तिसरं: पेर्से आणि सँत-आन-दे-माँ. ही गावं छोटी आहेत, खोल्या मोजक्या. पेर्सेला दोन रात्री हव्यातच. का, ते सहाव्या टप्प्यात येईल.

चौथं: गाडी. पाचवं: शहरातली हॉटेलं. शहरात शेवटपर्यंत काही ना काही मिळतंच.

> सावधान: दाखवलेली किंमत शेवटची नसते. तिच्यावर ५ टक्के आणि ९.९७५ टक्के असे दोन कर लागतात, मुक्कामावर बहुतेक ठिकाणी ३.५ टक्क्यांचा वेगळा कर. खानावळीत बसून जेवलात तर करापूर्वीच्या रकमेवर १५ टक्के टीप धरतात. बजेट करताना प्रत्येक आकड्यावर सरसकट १५ टक्के चढवा, मुक्कामावर १९, जेवणावर ३०.

## टप्पा ४: गाडी ताब्यात घेणं

मॉन्ट्रियलमध्ये पहिल्या दिवशी गाडी घेऊ नका. विमानतळावरून ७४७ क्रमांकाची बस रात्रंदिवस शहरात जाते आणि शहरात मेट्रो आहे. गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी, निघतानाच घ्यायची. दोन दिवसांचं भाडं वाचतं, पार्किंग वाचतं, आणि जेट लॅगमध्ये उजव्या बाजूने चालवण्याची वेळ येत नाही. शहरातले काउंटर शनिवार-रविवारी लवकर बंद होतात, वेळ आधी बघून ठेवा.

चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर मध्यम एसयूव्हीपेक्षा खाली जाऊ नका. सामान काचेतून दिसेल असं ठेवणं शहरात चोरीला आमंत्रण, आणि उद्यानाच्या पार्किंगमध्येही बरं नाही.

काउंटरवर हे विचारा:

1. समोरच्याच्या नुकसानीचा विमा किती रकमेचा, आणि आपल्या गाडीच्या नुकसानीत आपल्या खिशातून किती जाणार?
2. काच आणि टायर त्यात येतात का? खडी उडून काच तडकणं हे इथलं नेहमीचं दुखणं.
3. कच्च्या रस्त्यावर न्यायची मुभा आहे का? काही उद्यानांतले रस्ते खडीचे असतात.
4. दुसऱ्या चालकाचं नाव घालायला किती? ज्याचं नाव नाही, त्याने पार्किंगमध्येसुद्धा स्टिअरिंग धरू नये.
5. टोल कसा लावता? मॉन्ट्रियलजवळ २५ आणि ३० या महामार्गांच्या पुलांवर टोल आहे. भाड्याच्या गाडीला टोलबरोबर कंपनीचं हाताळणी शुल्कही लागू शकतं. नकाशात 'टोल टाळा' चालू ठेवणं सोपं.

मुलांसाठी: उंची १४५ सेंटिमीटर किंवा वय ९ वर्षं होईपर्यंत मुलांची सीट कायद्याने लागते. मांडीवर बसवून नेणं चालत नाही.

> तपासा (गाडी हलवण्याआधी): चारही बाजूंचे, टपाचे आणि काचेचे फोटो. स्टेपनी आहे की फक्त हवा भरायचं किट? टाकी कुठपर्यंत भरली आहे? इंधनाच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय? दिवे, वायपर आणि इंडिकेटर कुठे?

शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, इथे डाव्या. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर फिरतो. पार्किंगमध्येच दहा मिनिटं हाताला सवय करून घ्या.

## टप्पा ५: रस्त्यावरचे नियम आणि फ्रेंच पाट्या

उजव्या बाजूने चालवणं सरळ रस्त्यावर अवघड जात नाही. चूक होते ती मोकळ्या जागेतून रस्त्यावर येताना: पेट्रोल पंपावरून निघताना, सकाळी मोटेलच्या आवारातून बाहेर पडताना, एखाद्या ठिकाणी थांबून पुन्हा सुरू करताना. अशा प्रत्येक वेळी शेजारी बसलेल्याने मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, असा दंडक घाला. डावीकडे वळताना वळण मोठं घ्यायचं, उजवीकडे वळताना लहान. आपल्या सवयीच्या नेमकं उलट.

सिग्नल. लाल दिव्याला पूर्ण थांबून उजवीकडे वळायची मुभा प्रांतात आहे, पण मॉन्ट्रियल बेटावर नाही. शिवाय जिथे मनाईची पाटी असेल तिथेही नाही. हिरवा दिवा लुकलुकत असेल तर डावीकडे वळायला तुम्हाला अग्रक्रम आहे, समोरच्यांना लाल आहे.

थांबा. लाल अष्टकोनी पाटीवर इंग्रजीऐवजी फ्रेंच शब्द असतो, उच्चार 'आरे'. चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. आपल्याकडे करतात तसं सरपटत पुढे जाणं दंडाला पात्र. चारही बाजूंना ही पाटी असेल तर जो आधी थांबला तो आधी निघतो.

शाळेची पिवळी बस. तिचे लाल दिवे लुकलुकत असतील तर ५ मीटरपेक्षा जास्त अंतरावर थांबायचं, समोरून येत असाल तरीही. मध्ये दुभाजक असेल तरच सूट.

वेग. महामार्गावर १००, आणि किमान ६०. इतर मोठ्या रस्त्यांवर बहुतेक ९०, गावात ५० किंवा कमी. रडार ओळखणारं यंत्र जवळ बाळगणंही बेकायदा आहे.

पाट्यांवरचे शब्द आधी पाठ करा. त्यांचं स्पेलिंग शोधून फोनवर चित्र करून ठेवा, कारण लिहिलेलं आणि बोललेलं यांचा मेळ फ्रेंचमध्ये सहज लागत नाही.

- नोर, स्युद, एस्त, वेस्त: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. पश्चिमेचं आद्याक्षर इंग्रजी 'ओ' असतं, ते शून्य समजू नका
- सोर्ती: बाहेर पडायचा फाटा
- देतूर: वळवलेला रस्ता
- त्राव्हो: काम चालू
- त्राव्हर्सिए: फेरी
- स्तास्योनमाँ: पार्किंग
- एसाँस: पेट्रोल. पंपावर 'ओर्दिनेर' म्हणजे साधं

मॉन्ट्रियलमधली पार्किंगची पाटी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एकाच खांबावर तीन-चार पाट्या असतात: एक रस्ता झाडण्याच्या वेळेची, एक परवानाधारक रहिवाशांची, एक ठरावीक महिन्यांपुरती. सगळ्या पाट्या एकाच वेळी लागू असतात. वरची 'परवानगी' बघून गाडी लावली आणि खालची 'मंगळवारी ९ ते १० बंदी' वाचली नाही, की दंडाची चिठ्ठी ठरलेली. वेळ २४ तासांची लिहितात आणि तास-मिनिटांच्या मध्ये 'एच' असतो. क्विबेक सिटीतही जुन्या तटबंदीच्या आत गाडी घालू नका. गल्ल्या अरुंद, चढ उभे. बाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवून पायी फिरा.

## टप्पा ६: किनारा आणि उद्यानं

रिमूस्की, बिक. २० क्रमांकाचा महामार्ग त्रवा-पिस्तोलजवळ तुटतो आणि बिकच्या आसपास पुन्हा सुरू होतो. मधला पट्टा दोनपदरी १३२. इथे वेळ जातो, धरून चाला. बिकला सील बघायचे असतील तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला ते उघड्या पडलेल्या खडकांवर येऊन पहुडतात. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण तिथेही लोक भरतीच्या वेळी जाऊन 'काहीच नाही' म्हणत परततात.

कार्लटन. समोरचा किनारा न्यू ब्रन्सविक प्रांताचा, आणि तिथलं घड्याळ एक तास पुढे. फोनने पलीकडचा टॉवर पकडला की वेळ आपोआप बदलते. सकाळचा गजर एक तास आधी वाजण्याचं हे कारण. मातापेदियापासूनच फोनची वेळ हाताने लावून टाका.

पेर्से. इथे दोन रात्री का, तर बोनाव्हाँत्युर बेटाची बोट वाऱ्यावर अवलंबून असते. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द. म्हणून पहिल्या सकाळीच जा, दुसरी सकाळ राखीव ठेवा. पैसे दोन ठिकाणी लागतात: बोटीचे वेगळे, बेटाच्या प्रवेशाचे वेगळे. गॅनेट पक्ष्यांची वसाहत बेटाच्या पलीकडच्या अंगाला आहे, सर्वांत जवळच्या वाटेने पाऊण तास चालणं. उतरताच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारा. प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याशी जाऊ नका, त्यावरून दगड सुटतात.

फोरियाँ. कॅप-गास्पेची वाट येऊन-जाऊन ८ किलोमीटरच्या आसपास, चढ-उतार बेताचे. पाणी सोबत न्या. इथे अंधार लवकर होतो. गास्पे हे मॉन्ट्रियलच्या घड्याळावर चालतं पण फार पूर्वेला आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला सहाच्या आतच सूर्य मावळतो. मॉन्ट्रियलच्या हिशेबाने दुपारी तीनला वाट सुरू केली तर परत येताना विजेरी लागेल.

गास्पे ते सँत-आन-दे-माँ. फोन बहुधा मर्डोकविलमार्गे १९८ सुचवेल. तो आतून, जंगलातून जातो. किनारा बघायचा असेल तर १३२ वर मधले थांबे हाताने टाका. ग्राँद-व्हालेच्या आसपास उतार तीव्र आहेत. उताराला पाय ब्रेकवर ठेवून राहू नका, ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरवर घ्या. ब्रेकचा जळका वास आला की थांबा, गार होऊ द्या.

गास्पेझी उद्यान. माँ झाक-कार्तिए १,२६८ मीटर. वरती कॅरिबू या हरणांचा वावर असल्याने ही वाट जूनअखेर ते सप्टेंबरअखेर, दिवसाच्या ठरावीक वेळेतच उघडी असते, आणि सुरुवातीला उद्यानाची बस घ्यावी लागते. दुपारी पोचून चढता येत नाही. पायथ्याशी टी-शर्टचं हवामान असलं तरी माथ्यावर वारा झोंबतो, जुलैतही विंडचीटर आणि कानटोपी ठेवा.

> सावधान: पहाटे आणि संध्याकाळी मूस रस्त्यावर येतो. हे घोड्याहून उंच सांबर. पाय इतके लांब की धडकेत त्याचं धड थेट समोरच्या काचेवर येतं. त्याचे डोळे दिव्यांच्या झोताच्या वर राहतात, त्यामुळे अंधारात चमकत नाहीत. मूसचं चित्र असलेली पाटी दिसली की वेग कमी करा, आणि अंधार पडल्यावर जंगलातला प्रवास टाळाच.

टाकी. गास्पेझीच्या वळशात अर्ध्यावर आली की भरा. २९९ आणि १९८ या डोंगरातल्या रस्त्यांवर तर पूर्ण भरूनच शिरा. तिथे फोनची रेंजही जाते, नकाशे आधी उतरवून ठेवा. पंपावर नळीच्या रंगावर जाऊ नका, शब्द वाचा. कार्ड लावल्यावर मोठी रक्कम रोखून धरली जाते आणि नंतर सुटते, मेसेज बघून घाबरू नका. दर लिटरमागे सेंटमध्ये लिहितात.

खाणं. मोठी गावं सोडली की शाकाहाऱ्याची पंचाईत. पुतीन, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज आणि रस्सा, शाकाहारी दिसतो. रस्सा बहुधा मांसाचा असतो. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस, राजम्यासारख्या दाण्यांच्या गोड उसळीत चरबी. ऑर्डरआधी 'साँ व्हियाँद', म्हणजे मांसाशिवाय, असं सांगा आणि रश्श्याचं वेगळं विचारा. मॉन्ट्रियलच्या पार्क-एक्स्तँसियाँ भागात भारतीय वाणसामान मिळतं. तांदूळ, डाळ, मसाला तिथेच भरा आणि शेगडी असलेले मुक्काम घ्या. भारतातून नेलेलं मेतकूट, चटणी, लाडू विमानतळावर कस्टम्सच्या अर्जात जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्यावर दंड होतो. उद्यानात खाणं तंबूत ठेवू नका. गाडीत, बंद करून. इथे काळी अस्वलं आहेत, त्यांचं नाक तीक्ष्ण. जून-जुलैत बारक्या काळ्या माश्या चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटक दूर ठेवणारं मलम हवं.

## टप्पा ७: फेरी, देवमासे आणि परती

मातानला बोट सुटण्याच्या तासभर आधी रांगेत लागा. पलीकडे पोचायला सव्वादोन-अडीच तास लागतात. दाभोळ-धोपावे फेरीवर गाडी चढवली असेल तर पद्धत ओळखीची वाटेल, फक्त बोट मोठी आणि गाडीत बसून राहायचं नाही. वरच्या मजल्यावर लागणारं जॅकेट, औषध, डबा आधीच बाहेर काढा. हँडब्रेक लावा आणि शक्य असेल तर अलार्म बंद करा, बोट हलली की तो वाजत बसतो.

> तपासा: आदल्या संध्याकाळी फेरीची स्थिती आणि क्विबेक ५११ वर रस्त्यांची स्थिती. बोट रद्द झाली तर मातानहून रिव्हिएर-दु-लू गाठून सँ-सिमेओंची फेरी घ्या. त्यासाठी सकाळची बोट धरा, संध्याकाळची नको. म्हणजे अर्धा दिवस हातात राहतो.

बे-कोमोहून तादुसाककडे येताना बेर्झरोनजवळ कॅप-द-बाँ-देझिर लागतं. किनाऱ्यावरच्या खडकांवर बसूनच देवमासे दिसतात, कारण पाणी तिथे काठालाच खोल आहे. पैसे कमी, मळमळ नाही. बोटीने जायचं असेल तर मोठी बोट की रबरी, हे माणसं बघून ठरवा. रबरी बोटीत पाठदुखीवाले, लहान मुलं आणि गरोदर बायका नकोत. काहीही घेतलं तरी पाणी बर्फासारखं असतं, ऑगस्टमध्येही स्वेटर, जॅकेट, हातमोजे घाला. बेलुगा आणि निळ्या देवमाशापासून बोटींना ४०० मीटर दूर राहावं लागतं, म्हणून दुर्बीण फोनच्या कॅमेऱ्यापेक्षा कामाची.

तादुसाकहून साग्ने नदी ओलांडायची फेरी मोफत आहे, रात्रंदिवस चालते, बुकिंग नसतं. दहा मिनिटांच्या प्रवासासाठी उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी मोठी रांग लागते. सकाळी लवकर ओलांडा.

शार्लव्वात ला माल्बे ते बे-सँ-पॉल हा टप्पा १३८ ऐवजी ३६२ वरून घ्या, नदी सतत दिसते. चढ-उतार मात्र आपल्या घाटांची आठवण करून देणारे. ओत-गोर्झमधली आक्रोपोल-दे-द्राव्हर वाट येऊन-जाऊन ११ किलोमीटर आणि ८०० मीटर चढ, म्हणजे चार ते सहा तास. ती करायची असेल तर शार्लव्वात एक रात्र वाढवा. परतीच्या दिवशी ती बसत नाही.

शेवटच्या दिवशी मॉन्ट्रियलमध्ये दुपारी साडेतीन ते साडेसहा या वेळेत शिरू नका. टाकी काउंटरच्या अलीकडे भरा आणि पावती ठेवा. गाडी परत देताना माणूस हजर असेल अशीच वेळ घ्या, त्याच्यासमोर फोटो काढा, आणि किलोमीटर व इंधनाची नोंद असलेला कागद हातात पडल्याशिवाय हलू नका. टोल किंवा पार्किंगच्या दंडाची वसुली कार्डावर काही आठवड्यांनीही येते. तोवर कार्ड बंद करू नका आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा.